पंचमाच्या शेजारी

पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. पुणेकर रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खात असतात तेव्हा आमच्याकडे प्रेसचे दणके चालू असतात, आणि गुरुवारी सगळं पुणं कामाला जुंपलेलं असताना आमच्या गल्ल्यांमधली शटर खाली असतात. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून ही सुट्टी कधीकाळी ठरली आणि पुढे इथल्या संसारांत मुरली. मुलगी बघायला जायचं ते गुरुवारी, बँकेचं काम गुरुवारी, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीला जायचं तेही गुरुवारी. महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवते तीही बहुधा गुरुवारीच.

त्या दिवशी ग्राइंडरची किरकिर थांबते, टेम्पोंची ये-जा कमी होते, आणि पिंपरीवर उतरलेली शांतता कुणालाही लगेच कळते. तिच्या आत मात्र आणखी एक शांतता असायची, आणि ती ऐकायला रेडिओ लागायचा. आमच्या घरी मीडियम वेव्हचा जुना, लाकडी पेटीचा सेट होता. ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र लागायचं. इतर दिवशी निवेदकाच्या आवाजामागे एक जाड थर असायचा. कुठल्याशा वेल्डिंगची तडतड, एखादी मोठी मोटर सुरू होतानाची चरचर, आणि या सगळ्याच्या तळाशी अखंड घूं. गुरुवारी सकाळी तो थर विरळ व्हायचा. सतारीची मींड संपल्यावर तार किती वेळ बोलत राहते ते ऐकू यायचं. बातम्या वाचणाऱ्याने दोन वाक्यांच्या मधे घेतलेला श्वास ऐकू यायचा. केंद्र तेच, सेट तोच, एरियलची तारही खिडकीच्या त्याच गजाला बांधलेली. भिंतीतल्या तारांमधून येणारी वीज तेवढी त्या दिवशी स्वच्छ असायची. विजेलाही मळ लागतो हे मला पुस्तकाच्या आधी गुरुवारने शिकवलं.

बाहेरचा थर उतरला की खाली सापडायची ती सेटची स्वतःची घूं. पेटीच्या मागे काळपट वार्निशातला, हाताला कोमट लागणारा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्यावर तळहात ठेवला की एक बारीक थरथर मनगटापर्यंत यायची. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पत्र्यांना, कारागिरांच्या भाषेत स्टॅम्पिंगना, दोनदा चुंबकत्व चढतं आणि दोनदा उतरतं. चुंबकत्व चढलं की लोखंडाची लांबी बदलते, दहा लाखांत काही भाग एवढीच. उत्तर-दक्षिण कोणत्याही बाजूने चढो, बदल एकाच तऱ्हेचा होतो, म्हणून पन्नास हर्ट्झच्या विजेतून शंभर हर्ट्झचा सूर निघतो. लोखंडात तीन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन मिसळतात, पत्रे घट्ट आवळतात, सगळा ठोकळा वार्निशात बुडवून भट्टीत भाजतात. एवढं केल्यावर सूर मंदावतो. थांबत नाही.

हा सूर कुठे बसतो ते बहिणीच्या गाण्याच्या गुरुजींमुळे कळलं. ते घरी शिकवायला यायचे, पांढरी एकमध्ये गायचे, आणि तानपुरा जुळवायला घेण्याआधी आईला म्हणायचे, "वहिनी, तेवढा फ्रीज बंद करता का?" पांढरी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, सेकंदाला सुमारे ९८ कंपनांची. फ्रीज आणि ट्रान्सफॉर्मर शंभरावर. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यात आंदोलनं उठतात, इथे सेकंदाला दोन. तार नेमकी लागलेली असते, तरीही ती डळमळते आहे असं वाटत राहतं, आणि गाणारा खुंटीवरचा हात काढू शकत नाही. काळी एकला गाणाऱ्याचा मंद्र पंचम १०४ च्या जरासा अलीकडे येतो. म्हणजे विजेचा सूर या दोन्ही पंचमांच्या मधे, पांढरी एकच्या अंगाला चिकटून बसलेला. आपल्या संगीताने ज्या जागी सर्वांत जास्त विसावा घ्यायचा, नेमकी तीच जागा विजेने अडवावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि हा सूर आता सगळ्या देशाचा एकच आहे. पूर्वी दक्षिणेचं विजेचं जाळं वेगळ्या लयीत चालायचं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच लय आहे. पिंपरीतल्या ट्रान्सफॉर्मरची घूं आणि गुवाहाटीतल्या, मदुराईतल्या ट्रान्सफॉर्मरची घूं एकाच क्षणी चढते, एकाच क्षणी उतरते. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्टीत ती राहावी म्हणून नियंत्रण केंद्रांमधली माणसं रात्रंदिवस जागी असतात. इतक्या माणसांनी मिळून धरलेला दुसरा एखादा सूर या देशात नसेल. तो आपल्याला नकोसा आहे, हे जरा बाजूला ठेवून कधीतरी ऐकावा एवढ्या योग्यतेचा तो नक्कीच आहे.

मी नोकरीला लागलो ते भोसरीतल्या एका लहान युनिटमध्ये, टेस्टिंगला. आम्ही मोजमापाच्या उपकरणांसाठी पॉवर सप्लाय बनवायचो. मोजमापाचं यंत्र फार हळवं असतं. त्याला मोजायचे असतात मिलिव्होल्ट, आणि भिंतीतून मात्र वेल्डिंगचे फटकारे येत असतात. या दोघांच्या मधे उभा राहतो तो पॉवर सप्लाय, आणि त्याचा पहिला दरवाजा म्हणजे ट्रान्सफॉर्मर. वाइंडिंगची खोली मागच्या बाजूला, उत्तरेच्या खिडकीशी. तिथे बहुतेक बायकाच होत्या. मशिनच्या काउंटरचा टकटक आवाज, एनॅमलच्या तारेचा तांबूस उजेड, भट्टीतून येणारा वार्निशाचा उग्र वास. तिथल्या सर्वांत जुन्या मावशी तार अंगठा आणि तर्जनीत धरून बॉबिनवर सोडायच्या. ताण किती ठेवायचा ते बोटांना ठाऊक होतं. सैल राहिलेला वेढा पुढे आयुष्यभर घुणघुणतो, आणि फार ओढलेल्या तारेचं एनॅमल तडकतं.

त्या खोलीत मी एक गोष्ट पाहिली, तिच्यावर मी नंतर फार विचार केला. प्रायमरीचे, म्हणजे भिंतीतली वीज घेणारे, वेढे पुरे झाले, त्यावर मायलरच्या कागदाचे थर झाले, की मावशी तांब्याची एक पातळ पट्टी घ्यायच्या. अख्ख्या वेढ्याला एकदाच गुंडाळायच्या. पट्टीची दोन टोकं एकमेकांवर यायची, पण मधे पुन्हा मायलर. टोकांना टोकं भिडू द्यायची नाहीत. पट्टीला एक बारीक वायर सोल्डर करून बाहेर काढायची, ती जायची अर्थिंगला. मग वर पुन्हा कागद आणि त्यावर सेकंडरी, म्हणजे पुढे वीज देणारे वेढे.

ही पट्टी कशासाठी? ट्रान्सफॉर्मर वीज पलीकडे नेतो ती लोखंडातल्या चुंबकत्वाच्या वाटेने. फॅरडेने १८३१ साली दाखवलेली हीच वाट. पण प्रायमरीचं तांबं आणि सेकंडरीचं तांबं एकमेकांसमोर कागदाचं अंतर ठेवून उभं असतं, आणि अशी समोरासमोरची दोन तांबी म्हणजे न मागता तयार झालेला एक कपॅसिटर. पन्नास हर्ट्झच्या संथ विजेला त्यातून जाता येत नाही म्हटलं तरी चालेल. वेल्डिंगची चपळ तडतड मात्र लोखंडाकडे ढुंकूनही न बघता या चोरवाटेने थेट पलीकडे जाते. तांब्याची पट्टी त्या वाटेवर उभी राहते आणि तडतडीला अर्थिंगकडे वळवते. टोकं एकमेकांना भिडली तर मात्र पट्टी स्वतःच एक बंद वेढा बनते. त्यात प्रचंड करंट खेळतो आणि ट्रान्सफॉर्मर आतून जळतो.

मग स्टॅम्पिंग भरून ठोकळा पुरा झाला की काही ऑर्डरींना दुसरी पट्टी लागायची. ही रुंद, बाहेरून, लोखंडासकट सगळ्याला कमरपट्टा घालणारी. हिची टोकं मावशी भरपूर सोल्डर लावून पक्की जोडायच्या. लोखंडात न मावलेलं चुंबकत्व बाहेर निसटतं ते या पट्ट्यात करंट उठवतं, आणि तो करंट आपल्या उलट्या चुंबकत्वाने निसटलेल्याला मागे ढकलतो. नव्या मुलींना शिकवताना मावशी सांगायच्या, "आतली मिटायची नाही, बाहेरची उघडी ठेवायची नाही. विसरलीस तर मला विचार, पण अंदाजाने करू नकोस." तांबं तेच, हात तेच, आणि पाव इंचाच्या अंतरावर नियम नेमका उलटा. मला या दोन पट्ट्यांचं आश्चर्य वाटायचं आणि आजही वाटतं. आतल्या पट्टीचं काम वाट करून देण्याचं, बाहेरच्या पट्टीचं काम अडवण्याचं. आवाजाशी वागण्याच्या या दोनच रीती आहेत आणि दोन्ही लागतात.

बाहेरचा पट्टा निदान दिसतो. आतली पट्टी एकदा सेकंडरी चढली की कुणालाच दिसत नाही. गिऱ्हाइकाला दिसत नाही, ट्रान्सफॉर्मर उघडला तर तो मोडतो म्हणून दुरुस्तीवाल्यालाही दिसत नाही. व्होल्टेज मोजलं तर पट्टी असो वा नसो, आकडा तोच येतो. कोटेशनमध्ये चार पैसे कमी करायचे झाले की सगळ्यांत आधी वगळायला सोपी तीच. ती वगळलेले ट्रान्सफॉर्मर मी पुष्कळ पाहिले, आणि पट्टी न वगळणाऱ्या वाइंडिंगच्या खोल्याही पाहिल्या. कोणत्या खोलीत माल कसा होतो ते तिथल्या बायका जेवणाच्या सुट्टीत काय बोलतात त्यावरून कळायचं. जिथे कामाबद्दल बोलणं व्हायचं तिथली पट्टी आत असायची.

टेस्टिंगच्या टेबलावरही एक जुनी रीत होती. ट्रान्सफॉर्मर चेसिसवर पक्का करण्याआधी त्याला लांब वायरींवर मोकळा ठेवायचा, ॲम्प्लिफायरच्या टोकाला हेडफोन लावायचा आणि ट्रान्सफॉर्मर हाताने हळूहळू फिरवायचा. घूं वाढते, कमी होते, आणि एका कोनात जवळजवळ नाहीशी होते. तो कोन पेन्सिलने आखून घ्यायचा. तिथून बोटभर फिरवला तरी घूं परत. गोल कड्याचे टोरॉइड आले तेव्हा ही कसरत कमी झाली, कारण त्यातून चुंबकत्व फारसं निसटतच नाही. पण त्यात दोन्ही वेढे कडेभर एकमेकांवर पसरलेले, म्हणून तडतडीची चोरवाट जास्त रुंद. शिवाय भिंतीतल्या विजेत जराशी एकतर्फी वीज मिसळली तरी टोरॉइड सोसत नाही. शेजारच्या युनिटमध्ये कुणी हीट गन अर्ध्या जोरावर लावली की आमच्या टेबलावरचा टोरॉइड गुरगुरायला लागायचा. तिकडे गन बंद झाली की हा गप्प.

ट्रान्सफॉर्मरच्या पुढे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड आणि मोठे कपॅसिटर. इथली गोष्ट पिंपरीकराला सांगायला फार सोपी आहे. आमच्याकडे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. नळाला पाणी थोडा वेळ, घरात वापर अखंड, म्हणून प्रत्येक सोसायटीने टाक्या वाढवल्या. कपॅसिटर ही तशी टाकी. डायोड उघडतात ते वीज शिखरावर असते तेवढ्यापुरते, दर दहा मिलिसेकंदांतले दोन-तीन, आणि त्या अवधीत टाकी भरून घ्यावी लागते. एक अँपिअरचा वापर असेल आणि टाकी ४७०० मायक्रोफॅरडची असेल तर पातळी दोनेक व्होल्ट खालीवर होत राहते. तोच रिपल, तीच स्पीकरमधली शंभर हर्ट्झची घूं. टाकी दुप्पट केली तर पातळी निम्मीच हलते. म्हणून नवशिका कपॅसिटर वाढवत जातो. पण टाकी जितकी मोठी तितका भरण्याचा अवधी आखूड आणि धार जोराची. सगळ्या सोसायट्यांचे पंप एकाच वेळी सुरू झाले की लाइनचा दाब पडतो, आणि विजेचंही तेच होतं. ऑसिलोस्कोपवर आमच्या भागातली वीज पाहिली तर तिचं शिखर गोल दिसत नाही, वरून तासलेलं दिसतं. घरोघरचे टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर, कारखान्यांतले ड्राइव्ह, सगळे शिखरावरूनच ओढतात.

या आखूड, उंच धारेचा एक धडा कुठल्याही पुस्तकापेक्षा टेबलावर जास्त चांगला कळतो. ट्रान्सफॉर्मरपासून कपॅसिटरपर्यंतच्या वायरीतून ही धार सेकंदाला शंभरदा वाहते. ॲम्प्लिफायरची ग्राउंडची वायर त्या तुकड्यावर कुठेही जोडली तर घूं. तीच वायर इंचभर पुढे, कपॅसिटरच्या खुंटीच्या पलीकडे जोडली तर घूं गायब. सर्किटच्या नकाशात दोन्ही जागा एकच दिसतात, कारण नकाशात रेघेला लांबी नसते. खरी वायर मात्र लांब असते, तिला रोध असतो, आणि जिथून जोराची धार वाहते तिथे हळव्या माणसाला बसवायचं नसतं. तीन पायांचे ७८१२ जातीचे रेग्युलेटर पुढे लावले की उरलेला रिपल हजारपटीच्या आसपास उतरतो. पण चुकीच्या जागी जोडलेली वायर कुठलाही रेग्युलेटर दुरुस्त करत नाही.

डायोडचं एक दुखणं मात्र रेडिओवाल्यांनाच कळतं. डायोड बंद होताना क्षणभर वीज उलटी जाऊ देतो आणि मग एकदम थांबवतो. त्या झटक्याने ट्रान्सफॉर्मरचा वेढा उंच कंपनांत झणझणतो, शेकडो किलोहर्ट्झपासून पुढे, म्हणजे मीडियम वेव्हच्या आवारातच. त्याची खूण अशी की दोन केंद्रांच्या मधे सेट शांत असतो आणि केंद्र लागलं की घूं उगवते. इलाज काही पैशांचा. प्रत्येक डायोडवर एक लहान सिरॅमिक कपॅसिटर, किंवा सेकंडरीवर एक रोध आणि एक कपॅसिटर जोडीने. आवाज जन्मतो तिथेच त्याला गाठलं की काम इतक्यात भागतं. पुढे जाऊन, पसरल्यावर गाठायचं म्हटलं तर लोखंडाची पेटीही पुरत नाही.

आता पन्नास हर्ट्झचे ट्रान्सफॉर्मरच कमी होत चालले. मोबाइलच्या चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो, लाखो वेळा चालू-बंद होते, म्हणून लोखंड लागत नाही आणि चार्जर मुठीत मावतो. चांगल्या चार्जरमध्ये गाळण्या असतात. स्वस्तातल्यात त्यांच्या जागा छापील पट्टीवर रिकाम्या सोडलेल्या दिसतात. त्यामुळे गुरुवार पूर्वीइतका स्वच्छ राहिला नाही. कारखाने बंद असले तरी घरं बंद नसतात.

गुरुवारची ती शांतता शोधत पिंपरीहून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर असं नाशिक रस्त्याने वर गेलं की नारायणगावपाशी खोडदचा फाटा लागतो. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांपासून तासा-दोन तासांच्या वाटेवर, द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधे पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकूण तीस. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. इथे जागा निवडण्यामागचं एक मोठं कारण हेच की माणसाने केलेला रेडिओ गोंगाट इथे कमी होता. आकाशातून येणारा संदेश ज्या मापाने मोजतात त्या एका जान्स्कीत दशांश चिन्हानंतर पंचवीस शून्यं येतात, मग एक. अशा कानाजवळून जाणाऱ्या विजेच्या तारेवर एखादा जोड सैल असेल, एखाद्या इन्सुलेटरला तडा गेला असेल, तर तिथे उडणारी ठिणगी सगळ्या लहरींवर एकदम बोलते. संगणकाने ती बरीचशी वेचून काढता येते आणि तशी काढतातही. पण शेवटी कुणालातरी त्या खांबापर्यंत जाऊन जोड आवळावाच लागतो.

कार्ल जान्स्की हा मूळचा गोंगाट शोधणारा माणूस. अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधायला बेल लॅबोरेटरीजने त्याला बसवलं होतं. वादळांची खरखर त्याने ओळखली, आणि तिच्यामागे एक बारीक सळसळ उरली, रोज चार मिनिटं आधी उगवणारी. १९३३ साली त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेतून येते. सगळा ओळखीचा आवाज बाजूला काढल्यावर जे उरलं, ते विश्व होतं. ग्राइंडर थांबल्यावर ऐकू येणारा बातम्या वाचणाऱ्याचा श्वास मला इथे आठवतो. आणि खोडदच्या तबकड्यांखाली उभं राहिल्यावर वाइंडिंगच्या खोलीतली तांब्याची पट्टीही आठवते, कारण त्या ग्रहणयंत्रांच्या पॉवर सप्लायमध्येही कुणाच्या तरी हातांनी शांतता भरलेली असणार.

आता अर्थिंगबद्दल, कारण वरच्या प्रत्येक उपायाचं दुसरं टोक जमिनीत आहे. मावशींच्या पट्टीची वायर अर्थिंगला जाते. भिंतीतल्या विजेला लावलेल्या गाळणीतले दोन लहान कपॅसिटर तडतड अर्थिंगला सोडतात. अर्थिंगच नसेल तर तेच कपॅसिटर यंत्राच्या पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, सव्वाशेच्या जरा खाली, आणून ठेवतात. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण येते ती याचीच. आवाजाला घरी जायला वाट दिली नाही की तो यजमानाच्या अंगावर येतो. चिंचवडगावात एल्प्रो इंटरनॅशनलच्या कारखान्यात विजेच्या वाहिन्यांसाठी अरेस्टर बनायचे. आभाळातली वीज तारेवर कोसळली की ती उपकरणापर्यंत पोचण्याआधी जमिनीत सोडून देणं, एवढंच त्यांचं काम. त्या जागी आता एल्प्रो सिटी स्क्वेअर हा मॉल आहे. तिथल्या सरकत्या जिन्यांवरून जाताना मला त्या कामाची आठवण होते, आणि कुठेतरी एक पाटी असायला हवी होती असं वाटतं.

सोसायटीच्या भजनाला, गणपतीच्या मांडवात, साखरपुड्याच्या हॉलमध्ये हमखास ऐकू येते ती घूं बहुधा अर्थिंगचीच असते. मिक्सर एका बोर्डावर, कीबोर्ड दुसऱ्या बोर्डावर, दोन्ही अर्थिंगमध्ये थोड्या व्होल्टचा फरक, आणि मधल्या केबलच्या जाळीतून तो फरक वाहू लागतो. यावर साउंडची पोरं करतात तो इलाज मला बघवत नाही. ते प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात किंवा तिच्यावर टेप गुंडाळतात. घूं थांबते, लोक टाळ्या वाजवतात, आणि माइक धरलेल्या माणसाच्या ओठांपाशी आता कुठलंही संरक्षण उरलेलं नसतं. पावसाळ्यात, ओल्या गवतावर. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घेतली तर बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर आवाजाच्या केबलमध्ये आयसोलेशनचा लहान ट्रान्सफॉर्मर घालावा. त्याची किंमत मांडवाच्या एका दिवसाच्या फुलांइतकीही नसते.

आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणाची, वर मुरूम. वीज शोषून घ्यायला ती मुळातच नाखूश. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरतात आणि वर पाणी ओतायला नरसाळं ठेवतात. फेब्रुवारी संपता संपता मुरूम कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कितीतरी इमारतींत त्या झाकणावर कुंड्या ठेवलेल्या असतात, पार्किंगची फरशी घातलेली असते. आपल्या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते या आठवड्यात विचारून घ्या. मार्च लागला की त्यात पाणी ओतत जा, वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याचा रोध मोजून घ्या, आणि आपल्या समोर कुणालाही प्लगची तिसरी पिन कापू देऊ नका.